झुंबरबाईंचे चार विसावे

झुंबरबाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एसटीत. १९९३ सालचा डिसेंबर असेल. मंचरहून भीमाशंकरकडे जाणारी सकाळची गाडी घोडेगावला थांबली आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई चढली. चढली आणि दारातच अडकली, कारण मधल्या वाटेत पुण्याच्या मुलांनी आपल्या मोठाल्या पाठपिशव्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"ही वझी कुनाची?" तिने विचारलं.

"आमची, मावशी. सॅक आहेत."

"काय हाय यात येवढं?"

"तंबू, स्टोव्ह, कपडे, खाणं."

"मंग घरी काय ठिवलं?"

सगळी गाडी हसली. मुलंही हसली आणि पिशव्या सरकवून त्यांनी तिला जागा करून दिली. मी मागच्या बाकावर होते. लोणीला घरी दोन दिवस राहून परत नोकरीवर चालले होते. तळेघरच्या वर डोंगरात हिरडेवाडी नावाची पस्तीस घरांची वाडी आहे, तिथल्या शाळेत मी शिकवत होते. त्या बाईला मी वाडीत पाहिलेलं होतं, पण पाहणं वेगळं आणि लक्ष जाणं वेगळं.

बसल्यावर तिची चौकशी सुरू झाली. मुलांनी सांगितलं की ती फक्त चालायला आली आहेत. तळेघरला उतरायचं, डोंगर ओलांडायचा, घाट उतरून कोकणात जायचं आणि तिथून संध्याकाळी पाचची गाडी पकडून घरी.

"कोकनात कोन हाय तुमचं?"

"कोणी नाही."

"मंग काई आनायचं हाय?"

"नाही, मावशी. नुसतं चालायचं."

तिने हे मनात थोडं घोळवलं आणि म्हणाली, "अरारा." त्यात थट्टा नव्हती. ज्या घाटाखाली आपलं कोणी नाही, तो घाट उतरावा लागणाऱ्या मुलांची तिला खरोखर कीव आली होती.

तळेघरला उतरल्यावर मुलांनी कंडक्टरला वाट विचारली. तो म्हणाला, मला एसटीची वाट ठाऊक. तेव्हा ही बाई म्हणाली, "चला माझ्या मागं." माझी शाळा त्याच वाटेवर, म्हणून मीही निघाले. अर्ध्या तासात एका मुलाच्या टाचेला बुटाने फोड आला. तिने त्याची पिशवी उचलली, आपल्या पाटीवर आडवी ठेवली आणि चालू लागली. मान हलली नाही की पाऊल अडखळलं नाही. मुलगा ओशाळला. "असू दे रं," ती म्हणाली, "तुझ्या तंबूत मी थोडीच ऱ्हानार हाय?"

त्या दिवशी झुंबरबाईंनी त्या सहा मुलांना घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचवलं आणि दिवस मावळायच्या आत परत वर आल्या.

तेव्हा त्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. बारीक, काळ्यासावळ्या, हनुवटीवर तीन गोंदलेले ठिपके. चालताना खाली बघत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बाई, तुमी पाटीवर लिवताना हाताकडं बगता का?"

हिरडेवाडीच्या बायकांची सगळी जुनी ये-जा कोकणाकडे होती. भात आणि हिरडा डोक्यावर घेऊन वाकणदऱ्याच्या वाटेने खाली जायचं आणि मीठ, सुकट घेऊन वर यायचं. या वाटेवर चार ठिकाणी विसावे आहेत. विसावा म्हणजे छातीइतका उंच रचलेला दगडी ओटा. डोक्यावरचं ओझं कोणाच्या मदतीशिवाय त्यावर सरकवता यावं आणि दम खाऊन परत एकटीला उचलता यावं, एवढ्यासाठी तो बांधलेला. जमिनीवर ओझं ठेवलं तर ते उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं, आणि घाटात दुसरं माणूस नसतं. वाडीतली माणसं अंतर मैलात सांगत नाहीत, विसाव्यात सांगतात.

वरून उतरताना पहिला लागतो उंबराचा विसावा. दुसरा भिकाचा. तिसरा धारेचा, कारण तो डोंगराच्या धारेवर आहे. चौथा जांभळीचा. जांभळीच्या विसाव्यापाशी डावीकडे वळायचं, की वाट झाडीतून सरळ कोकणात उतरते.

यातला भिका म्हणजे झुंबरबाईंचा नवरा. मुलगी वैजयंती पोटात असताना झुंबरबाई भाताचं ओझं घेऊन हा घाट उतरत होत्या. उंबराच्या आणि धारेच्या विसाव्यात अंतर फार, म्हणून भिकाने त्या वर्षी एकट्याने दगड वाहून मधे एक विसावा रचला. पुढे सगळ्या वाडीला तो उपयोगी पडला आणि सगळी वाडी त्याला भिकाचा विसावा म्हणू लागली. भिका शहाऐंशी साली काविळीने गेला. मी वाडीत आले तेव्हा तो नव्हता, पण शाळेतली मुलं "भिकाच्या इसाव्यापातुर पळत गेलो" असं सहज बोलत, तेव्हा ते नाव मला ठाऊक होतं.

मतदार ओळखपत्रांचं काम आलं त्या वर्षी मी घरोघर फिरून अर्ज भरत होते. झुंबरबाईंच्या ओट्यावर बसून विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

त्या पदर चावत बसल्या. मग आत बघून हाक मारली, "वैजे, ये हिकडं. बाईंना तुझ्या बापाचं नाव सांग."

"झुंबरबाई, ते जाऊन नऊ वर्षं झाली," मी म्हटलं.

"म्हनून काय झालं? माह्या तोंडून न्हाई निघायचं."

मला त्यात नवल वाटलं नाही. लोणीला माझ्या सासूबाई अशाच होत्या, आणि मीही घरात यजमानांना नावाने कधी हाक मारलेली नाही. अर्जावर मात्र लिहिते. वैजयंतीने नाव सांगितलं, मी लिहिलं, झुंबरबाईंनी अंगठा दिला.

पहिल्या वर्षीच्या त्या सहा जणांत सुदर्शन नावाचा मुलगा होता, ज्याच्या टाचेला फोड आला होता तोच. पुण्याच्या एका डोंगर फिरणाऱ्या मंडळात तो काम करायचा. तो पुढच्या वर्षी वीस जणांना घेऊन आला, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस. डिसेंबर ते मार्च दर शनिवार-रविवारी सकाळच्या गाडीने पिशव्यावाले उतरत आणि झुंबरबाईंच्या दारात येऊन उभे राहत. त्या त्यांना नाचणीची भाकरी आणि ठेचा देत. कोणाचा पाय मुरगळला तर पट्टी बांधत आणि तोंडाने मात्र बोलत, "घरी चार पावलं चालत न्हाई आन हितं डोंगर चढाया येतोय." मुलं जाताना हातावर ठेवतील ते कमरेला खोचत. पण त्यांना खरी गोडी त्याची नव्हती. विधवा बाई, वाडीच्या कुठल्या कामात तिला कोणी पुढे केलं नव्हतं. आता परगावची शिकलेली माणसं एसटीतून उतरल्या उतरल्या तिचं नाव विचारत होती. गेणभाऊ वाडीचे पोलीस पाटील. पावणे त्यांच्या घरावरून पुढे निघून जात, हे त्यांना आवडत नसे.

"काय झुंबरे, आज किती शेरडं हाकलीस?" ते ओट्यावरून विचारत.

"तेवीस. तुमी येता का? चोवीस व्हतील."

असं बोलायची ताकद तिच्यात त्या वाटेने आणली होती. मला त्या नेहमी एक गोष्ट सांगत, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलत असे: "बाई, माझ्या सांगन्यावर गेलेलं एक बी मानूस वाट चुकलं न्हाई. इचारा कुनाला बी." हेच त्यांच्यापाशी होतं. जमीन दीड एकर, घर गवताचं, पण हे वाक्य पूर्ण त्यांचं होतं.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत सुदर्शन माझ्याकडे शाळेत आला. मंडळ एक पुस्तिका काढणार होतं: एसटीने जाऊन एका दिवसात करता येतील अशा डोंगरवाटा. त्यात वाकणदरा घ्यायचा होता. आधी त्यांनी वाटेवर चुन्याने बाण काढून पाहिले होते, पण एका पावसाळ्यात ते धुऊन गेले. "बाई," तो म्हणाला, "मावशींना लिहिता येत नाही आणि त्यांचं बोलणं मला अर्धंच कळतं. तुम्ही विचारून लिहून द्याल?"

मी झुंबरबाईंना बोलावलं. त्यांना ते पटेना.

"वाट कागदावर कशी ऱ्हाईल, बाई?"

"राहते. नकाशे नाही का?"

"आन मंग माझं काय काम?"

"तुमचं नाव राहील की पुस्तकात. तुमच्या सांगण्यावरून म्हणून."

याने त्या विरघळल्या. हे मी बोलले आणि मीच त्यांना तयार केलं, हे इथे लिहून ठेवते.

शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी वाट सांगितली. डोळे मिटून सांगत होत्या, जणू चालत होत्या. "वाडीतून खाली आलं का पयला उंबराचा. तितून कातळ लागतो, सांभाळून. मंग त्ये. मंग बांबूचं बेट उजव्या हाताला ठिवायचं. मंग धारेचा इसावा. तितं वारं लई, टोपी उडती. मंग जांभळीचा. जांभळीपासून डाव्या अंगाला वळायचं, बास, कोकनच."

मी भराभर लिहीत होते. 'मंग त्ये' हे बोलताना माणूस अडतो तसं काहीतरी असावं, असं मी धरलं आणि लिहिलं नाही. माझ्या कागदावर तीन नावं आली: उंबराचा, धारेचा, जांभळीचा. त्यापुढे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'जांभळीच्या विसाव्यापासून डावीकडे वळावे.' एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांमधल्या गाळलेल्या जागा मी तपासल्या होत्या. ही गाळलेली जागा मला दिसली नाही.

पुस्तिका जूनमध्ये छापून आली. शहरातल्या माणसाला उंबर आणि जांभूळ ओळखता येत नाही, म्हणून कोणीतरी नावं काढून आकडे घातले होते: 'वाटेत दगडी विसावे लागतात. तिसऱ्या विसाव्यापासून डावीकडे वळावे.'

सुदर्शनने झुंबरबाईंना एक प्रत दिली. त्यात त्यांचा फोटो होता. मी त्यांना त्यांच्याबद्दलचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला: 'ही वाट हिरडेवाडीच्या झुंबरबाई मावशींनी सांगितली.' त्यांनी तो तीनदा वाचायला लावला. वाटेच्या ओळी मी वाचल्या नाहीत. त्यांना त्या काय वाचून दाखवायच्या, असं मला वाटलं.

पुस्तिका आल्यावर त्यांच्याकडे येणारे हळूहळू कमी झाले. सुदर्शनची जुनी मंडळी येत, ती त्यांना घेऊनच उतरत. नवे लोक पुस्तिका हातात धरून दारावरून पुढे जात, आणि थंडीच्या दिवसांत गवत कापलेलं असलं की पायवाट आपोआप दिसे, म्हणून दीड वर्ष कोणी चुकलं नाही. झुंबरबाई दारात बसून त्यांच्याकडे बघत. एकदा मला म्हणाल्या, "हाक बी मारीत न्हाईत, बाई. पर पुस्तकात नाव हाय म्हनल्यावर, हायच की."

दोन हजार एक सालच्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपून आठ दिवस झाले होते. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि घाटातलं गवत अजून उभं होतं, पुरुषभर उंच. सकाळच्या गाडीने चिंचवडची चार मुलं आली. मी शाळेच्या दारात होते, मला सगळं दिसत होतं. झुंबरबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. त्यांनी त्यांना हाक मारली, "पावनं, वाट ठावं हाय का? गवत लई हाय खाली."

त्यातल्या एकाने पुस्तिका वर धरली आणि हसत ओरडला, "तुमचीच आहे, मावशी! फोटो आहे तुमचा!"

"मंग जावा जावा!" झुंबरबाई म्हणाल्या. हसल्या. पदर नीट केला. मुलं गेली.

त्या मुलांनी विसावे मोजले. एक, दोन, तीन. तिसरा धारेचा होता. धारेच्या डावीकडे एक घळ आहे, वरून पायवाटेसारखी दिसते. पाचची गाडी चुकेल म्हणून ती घाईत होती. घळ शंभरेक पावलांवर कड्यात संपते आणि गवतामुळे कडा दिसत नाही. पुढे चालणारा मुलगा खाली गेला. तो बावीस वर्षांचा होता. पुस्तिका त्याच्याच हातात होती.

साडेचारच्या सुमारास दोन मुलं रडत वर आली, तिसरा कड्यापाशीच थांबला होता. वाडीतले बाप्ये दोर घेऊन गेले. झुंबरबाई त्यांच्या पुढे धावत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वर आणलं.

चौकशी शाळेच्या ओट्यावर झाली, कारण वाडीत खुर्च्या तिथेच होत्या. फौजदार तालुक्याहून आले होते. शेजारी गेणभाऊ, समोर अर्धी वाडी, आणि मधे झुंबरबाई उभ्या. मी वर्गाच्या दाराशी होते. फौजदार वाईट माणूस नव्हता. त्याला कागद पुरा करायचा होता.

"ही वाट तुम्ही सांगितली?"

"व्हय."

"विसावे किती?"

"चार."

"पुस्तकात तिसऱ्यापासून डावीकडे लिहिलंय."

"तिसऱ्यापासून न्हाई. जांभळीपासून."

"बरं, सांगा एक एक."

"पयला उंबराचा. मंग त्ये. मंग धारेचा. मंग जांभळीचा."

"हे तीनच झाले."

"चार हाईत, सायेब."

"नावं तीन सांगताय. दुसऱ्याचं नाव काय?"

झुंबरबाईंनी पदर तोंडाशी नेला. मला त्या क्षणी सगळं कळलं. ओळखपत्राचा अर्ज, आतून आलेली वैजयंती, माझा कागद, त्यावरची तीन नावं. पण ते समोरच्या सगळ्या वाडीलाही कळत होतं. वाडीतलं शेंबडं पोरही ते नाव सांगू शकलं असतं.

फौजदाराने गेणभाऊंकडे पाहिलं. गेणभाऊ म्हणाले, "म्या कशाला मधी बोलू? वाटाडी ती हाय. पुस्तकात फोटू तिचा हाय. तिला इचारा." मागे कोणीतरी हसलं.

"बाई, बोला. मुलगा मेलाय इथे," फौजदार म्हणाला. "हे लिहून कोणी घेतलं तुमच्याकडून?"

झुंबरबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "पुन्याच्या पोरांनी," त्या म्हणाल्या.

मी दाराशी उभी होते. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. सरकारी नोकराने कोणाच्या खासगी पुस्तकासाठी लिहून देणं, आणि त्यावरून माणूस मरणं, याचं काय होईल ते माझ्या मनात पैशापैशाने उमटून गेलं. 'भिकाचा' एवढा एकच शब्द होता. मी तो बोलले नाही.

फौजदाराने लिहिलं: 'सदर महिलेस विसाव्यांची संख्या निश्चित सांगता येत नाही. तिने दिलेली माहिती चुकीची होती.' झुंबरबाईंनी अंगठा दिला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या, चूल पेटलेली नव्हती.

"झुंबरबाई, नाव का नाही घेतलंत? आज तरी घ्यायचं."

"कशाला? पोरगं माघारी येनार व्हतं का?"

"तुमच्यावरचा आळ गेला असता."

"आन त्यांचं नाव कुटं गेलं असतं? मढ्याच्या कागदावर. म्हंजे त्यांच्या इसाव्यापायी पोरगं मेलं म्हनून." थोडा वेळ त्या राखेत काडी फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "माह्या तोंडून न्हाई निघालं, बाई. पर तुमचा काय त्यो नवरा न्हवता. तुमी घ्यायचं व्हतं."

मी उठले. त्यांनी दारापर्यंत येऊन नेहमीसारखं "सावकाश जावा, बाई" म्हटलं.

दोन दिवसांनी मी सुदर्शनला पत्र लिहिलं आणि त्यात सगळं स्पष्ट सांगितलं, नावासकट. ते फौजदाराला लिहायचं होतं, पण मी ते सुदर्शनला लिहिलं. तो आला, झुंबरबाईंच्या पाया पडला, रडला. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो, मावशी." त्याने केलंही. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती दोन हजार तीनमध्ये निघाली. त्यात 'चौथ्या विसाव्यापासून डावीकडे' असं बरोबर आहे. झुंबरबाईंचा फोटो त्यात नाही. शेवटच्या पानावर सूचना आहेत: पाणी सोबत घ्यावे, परतीच्या एसटीची वेळ आधी विचारावी. पाचवी सूचना अशी: 'स्थानिकांच्या तोंडी माहितीवर विसंबून राहू नये.' मला वाटत नाही ती सुदर्शनने लिहिली असेल. पण ती छापली गेली तेव्हा तो मंडळात होता.

वाडीत त्यानंतर झुंबरबाईंना 'तीन विसावे' असं नाव पडलं. पहिल्यांदा ते गेणभाऊंच्या ओट्यावर बोललं गेलं, मग पाणवठ्यावर, मग माझ्या वर्गात. मधल्या सुट्टीत पोरं खेळताना आकडे मोजत, "येक, दोन, तीन... चवथा कुटाय?" आणि खिदळत. मी एका पोराला छडी मारली. एकतीस-बत्तीस वर्षांत मी फार थोड्या छड्या मारल्या होत्या. ते पोर म्हणालं, "बाई, आमी तर आकडं म्हनत व्हतो."

गेणभाऊंचा पुतण्या आता पावण्यांना खाली नेऊ लागला. त्याने तळेघरच्या स्टँडवर स्वतःच्या नावाची पाटीही लावली. तो वाट बरोबर दाखवत असे. त्याला ती झुंबरबाईंनीच दाखवली होती, तो लहान असताना, हिरडे गोळा करताना.

झुंबरबाईंनी वाट सांगणं बंद केलं. एका रविवारी तीन बायका, पुण्याच्या, पन्नाशीच्या, माझ्यादेखत त्यांच्या दारात थांबल्या. "ताई, कोकणात उतरायची वाट कुठून?" डोंगरात वाट विचारणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी आणि चुकलेल्याला वाट, एवढं गरिबातला गरीबही देतो. झुंबरबाई सुपात भात पाखडत राहिल्या. म्हणाल्या, "म्हाईत न्हाई."

"तुम्ही इथल्याच ना?"

"हितलीच. पर म्हाईत न्हाई."

त्या बायका गेल्यावर झुंबरबाई उठून घरात गेल्या. सुपातलं भात तसंच राहिलं आणि कोंबड्या त्यावर आल्या. मी त्या हाकलत उभी राहिले.

एकदाच मी पुन्हा तो विषय काढला, निवृत्त होऊन वाडी सोडताना. फौजदाराची बदली झाली होती, पण कागद तर होताच. मी म्हटलं, मी तालुक्याला अर्ज देते, माझ्या अक्षरात लिहून देते की चूक माझी.

"आता देऊन काय करता?" त्या म्हणाल्या. "वाडीला काय, म्हाईत न्हवतं व्हय तवा?" आणि मग, "ऱ्हाऊ द्या. तुमचं पेन्शन सुरू व्हऊ द्या आदी."

हे त्या टोचून बोलल्या की माझ्या काळजीने, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. अर्ज मी दिला नाही.

दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर त्यांनी वाडी सोडली. वैजयंती नारायणगावला दिलेली, तिचा नवरा ट्रॅक्टर चालवतो. तिने आईला बऱ्याच वर्षांपासून बोलावलं होतं आणि त्या जात नव्हत्या. गेल्या तेव्हा सकाळच्या गाडीला त्यांना पोचवायला कोणी आलं नाही, असं तळेघरच्या चहावाल्याने मला सांगितलं. दीड एकर दिराकडे आहे. घर पडलं.

मागच्या महिन्यात मी नारायणगावला एका लग्नाला गेले होते, तेव्हा त्यांना भेटले. मला बघून त्यांनी चहा टाकला, वैजयंतीच्या मुलीला, हर्षालीला, माझ्या पाया पडायला लावलं. "ह्या माह्या बाई," एवढंच सांगितलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. मी वाडीकडे जाणं झालं का विचारलं, त्यांनी मान हलवली. हर्षालीने मला विचारलं, "तुम्ही आजीला कशा ओळखता?" मी म्हटलं, मी तिच्या गावात शिकवत होते. झुंबरबाईंनी कपात आणखी थोडा चहा ओतला.

त्या आता एकोणसाठ वर्षांच्या आहेत. वैजयंतीच्या दोन खोल्यांत राहतात आणि हंगामात सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत टोमॅटो मार्केटात बसून माल निवडतात.